घरातली वीज : दाब, प्रवाह आणि अडथळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी भरतकामावर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे राहण्याची आज्ञा केली आणि विषय विचारला, तेव्हा मी "वीज" असे सांगितले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांचेही बरोबरच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि घरी धाकटी भावंडे होती. त्यामुळे व्होल्ट, अँपिअर ही नावे वर्गात कानांवर पडण्यापूर्वीच माझा वर्ग सुटला. परंतु वीज काही आपले प्रमाणपत्र पाहून घरात शिरत नाही. पहाटेचे पहिले बटण मीच दाबते आणि रात्रीचे शेवटचेही मीच. मग तिची चार माणसांत ओळख सांगता येऊ नये, असे का असावे? ती ओळख मला झाली मात्र एका अपघातातून. तोच आधी सांगते.

2019 सालच्या थंडीतली गोष्ट. आमचा गिझर बिघडला होता, म्हणून बादलीत सोडायची हीटरची रॉड आणली. 1500 वॅटची होती. तिची पिन मोठी. आणि न्हाणीघराबाहेरच्या बोळात जो बोर्ड होता त्याची भोके लहान, दिवा किंवा पंखा लावण्याजोगी. मोठी पिन लहान भोकांत बसावी म्हणून बाजारात एक जोडपिन मिळते, ती मी आणली. मीच आणली, हे कबूल करते. बोर्ड ज्याने बसवला त्याच्या कामाविषयीही मला बोलता येईल, पण त्याचे नाव मी घेणार नाही. जोडपिन काही त्याने लावली नव्हती.

आठवडाभराने पहाटे मासे तळल्यासारखा वास येऊ लागला. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. शेजारच्या वहिनी मालवणच्या, म्हणून सगळा संशय त्यांच्यावर. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणत, "पहाटे साडेपाचला कसले बांगडे तळतात ही माणसे!" तीन आठवडे हे चालले. शेवटी मी वहिनींना आडून आडून विचारले, तर त्या हसूच लागल्या. म्हणाल्या, "अहो, मार्गशीर्ष चाललाय. आमच्याकडे महिनाभर मासळी येत नाही." मी ओशाळले आणि घरी आले. पण मग तो वास कुठला, हा पुढचा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. तेवढा आला असता तर पुढचे टळते.

दोन दिवसांनी सासूबाई स्नानाला निघाल्या होत्या. त्यांना गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे बोळातून जाताना त्या भिंतीला हात लावीत जातात. त्या बोर्डापासून चार पावलांवर असतील, तोच फट् असा आवाज झाला, काळा धूर निघाला आणि बोर्डातून वीतभर ज्वाळ वर आली. वरच्या दोरीवर टॉवेल वाळत होता. माझ्या हाती पाण्याचा तांब्या होता आणि तो मी ओतणारच होते. इतक्यात थोरला मुलगा आतून ओरडला, "आई, पाणी नको!" त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी टॉवेल ओढून काढला आणि सासूबाईंना मागे घेतले. वीज बंद होताच ज्वाळ आपोआप विझली. भिंतीवर हातभर काजळी राहिली आणि सासूबाईंचे हातपाय दुपारपर्यंत कापत होते.

मुलगा तेव्हा आय.टी.आय.ला वीजतंत्रीच्या पहिल्या वर्षाला होता. सगळे शांत झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने एकच विचारले : एमसीबी का पडला नाही? एवढे पैसे खर्चून तो बसवला तो कशाला? मुलगा म्हणाला, "त्याने पडावे असे काही घडलेच नव्हते." मला त्याचा रागच आला. घर पेटत होते आणि हा म्हणतो काही घडलेच नव्हते! पण त्या रात्री त्याने मला पाटीवर, म्हणजे पिठाच्या परातीवर बोटाने, जे समजावले, ते ऐकल्यावर माझा राग गेला आणि भीती आली.

विजेच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितके नळाचे पाणी जोराने येते. तसा विजेचा दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरांत तो 230 व्होल्ट धरलेला आहे. दुसरी प्रवाह, म्हणजे तारेतून किती वीज वाहते ते; त्याचे माप अँपिअर. तिसरी अडथळा. नळ अर्धा बंद केला, किंवा नळी बारीक असली, की पाणी कमी येते. तसा विजेच्या वाटेतला अडथळा, त्याचे माप ओहम. शाळेच्या पुस्तकात यांना विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. मला आपले दाब, प्रवाह, अडथळा हेच बरे वाटतात. हिशेब एवढाच की, दाबाला अडथळ्याने भागले की प्रवाह मिळतो.

पाण्याची उपमा एका ठिकाणी मात्र फसते. नळी कापली तर पाणी सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, ती थांबते. तिला जायला एक वाट आणि परत यायला दुसरी वाट लागते. म्हणून प्लगला निदान दोन पिना असतात. माझी कित्येक वर्षे समजूत अशी होती की एका पिनेतून "जास्त वीज" येते आणि दुसरी तोल सांभाळायला असते. आणखी एक गैरसमज आपल्यापैकी अनेकींचा असेल, की गिझरच्या मोठ्या भोकांत दिव्याच्या भोकांपेक्षा जास्त व्होल्ट असतात. तसे नाही. दोन्हींत तेच 230. मोठी पिन असते ती जास्त प्रवाह सोसता यावा म्हणून. लहान 6 अँपिअरची, मोठी 16 अँपिअरची.

आता आमच्या रॉडचा हिशेब. वॅट म्हणजे दाब गुणिले प्रवाह. 1500 ला 230 ने भागा, साडेसहा अँपिअर येतात. लहान भोकांना सहाचे ओझे सांगितलेले, आम्ही साडेसहाचे घातले. पण एवढ्याने आग लागत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. बोर्डातला एक स्क्रू ढिला होता, आणि भोकांतल्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षे प्लग काढून घालून सैल झालेल्या होत्या. पिन आणि पट्टी एकमेकींना घट्ट भिडत नव्हत्या, एखाद्या टोकावर टेकत होत्या. तिथे विजेची वाट चिंचोळी झाली, म्हणजे अडथळा आला. किती? फार नाही, एक ओहम धरू. रॉडचा स्वतःचा अडथळा पस्तीस ओहम, त्यापुढे हा एक म्हणजे काहीच नव्हे. एकूण प्रवाह त्यामुळे वाढला तर नाहीच, उलट कणभर कमीच झाला. आणि एमसीबी पाहतो तो फक्त प्रवाह! प्रवाह ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढला तर तो पडणार. इथे मर्यादा ओलांडलीच नव्हती. बिचारा आपले काम चोख करीत उभा होता.

मग जाळ कुठून आला? विहिरीवर पोहरा सोडताना दोर हातातून सरसर निसटला तर तळहात भाजतो, हे आपल्यातल्या काहीजणींना ठाऊक असेल. जिथे अडथळा, तिथे उष्णता. विजेचेही तेच. रॉडच्या अडथळ्यात उष्णता होते ती आपल्याला हवी असते, तिने पाणी तापते. पण वाटेतल्या प्रत्येक नको असलेल्या अडथळ्यातही ती होतच असते, आणि तिथे तिला निववायला बादलीभर पाणी नसते. तिचा हिशेब असा : प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे आणि मग अडथळ्याने गुणायचे. आमच्या सैल पट्टीत सुमारे चाळीस वॅट उष्णता होत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची कांडी पंचवीस वॅटची असते, आणि तिने कथील वितळते. त्याहून जास्त उष्णता माझ्या बोर्डात, वाटाण्याएवढ्या जागेत, रोज पहाटे अर्धा तास होत होती. तापून पट्टी आणखी सैल पडे, तिच्यावर काळी पुटे चढत, म्हणजे अडथळा आणखी वाढे. वाढला की आणखी तापे. मासे तळल्याचा वास तो हाच. बोर्डाचे आणि प्लगचे तापलेले प्लास्टिक अनेकदा मासळीसारखा वास सोडते.

तुम्ही म्हणाल, त्याच भोकांत आधी दहा वर्षे दिवा लावीत होतात, तेव्हा काय झाले होते? हाच तर माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. एल.ई.डी. दिव्याचा प्रवाह अँपिअरच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. रॉडचा त्याच्या पासष्टपट. प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे असल्यामुळे उष्णता पासष्टपट नव्हे, चार हजार पटींहूनही जास्त होते. तोच ढिला स्क्रू दिव्यापाशी दहा वर्षे निरुपद्रवी आणि रॉडपाशी महिनाभरात आग. "आजवर काही झाले नाही" हे आपले नेहमीचे बोलणे विजेच्या बाबतीत किती पोकळ आहे, हे मला त्या परातीतल्या पिठावर कळले.

हा दाब-प्रवाहाचा नियम ज्याने शोधला तो गेऑर्ग ओहम जर्मनीतला एक शाळामास्तर. बाप कुलुपे करणारा लोहार. तो स्वतः शाळेत शिकलेला नव्हता, पण वाचून वाचून त्याने गणित आणि शास्त्र आत्मसात केले आणि मुलांना घरीच शिकवले. ओहम दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या काळी घटांतून मिळणारी वीज एकसारखी राहत नसे, म्हणून त्याने युक्ती काढली : दोन धातूंच्या जोडांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की त्यातून थोडी पण अगदी स्थिर वीज मिळते. आपल्या स्वयंपाकघरातल्याच दोन वस्तू झाल्या या! त्या विजेवर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने मोजमाप केले आणि 1827 साली पुस्तक काढले. त्याच्या देशातल्या पंडितांनी आधी ते मानले नाही. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा कुठे लोकांचे लक्ष गेले. घरी शिकलेल्या बापाचा मुलगा तो, म्हणून मला त्याच्याविषयी अंमळ आपुलकी वाटते. असो.

आमच्या ह्यांनी यावर एक शंका काढली, आणि ती चांगली होती. ते म्हणाले, "मग गावाबाहेरून एवढ्या गावांची वीज वाहून नेणाऱ्या तारा वितळत कशा नाहीत?" उत्तर त्याच हिशेबात आहे. वॅट म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तेव्हा दाब दसपट केला तर तितकीच वीज एकदशांश प्रवाहात नेता येते, आणि तारेतली उष्णता एकशतांशावर येते. म्हणून लांबच्या वाटेवर दाब चढवतात. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची एक वाहिनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, तिचा दाब पाच लाख व्होल्ट आहे. गावाजवळ येईपर्यंत तो टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि आपल्या गल्लीतल्या डीपीवर तो घराच्या मापाचा होतो.

पण डीपीपासून घरापर्यंत पुन्हा तारच आहे, आणि तारेलाही अडथळा आहे. आमचे घर गल्लीच्या टोकाचे. संध्याकाळी सगळ्यांचे पंप, पंखे, इस्त्र्या सुरू झाल्या की त्या सगळ्या प्रवाहाचा भार त्याच तारेवर पडतो, वाटेत दाब खर्ची पडतो आणि आमच्याकडे 180 व्होल्ट उरतात. त्या वेळी रॉड 1500 वॅटची राहत नाही, सुमारे 920 वॅटची होते. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. रॉडचे त्यात नुकसान काही नाही, आपलाच खोळंबा. मोटरचे मात्र उलटे असते, आणि इथे आपले मंडळ एकदा पस्तावले आहे. मोटर वेगाने फिरत असते तेव्हा तिच्या आतच येणाऱ्या दाबाला विरोध करणारा उलटा दाब तयार होतो, आणि तोच प्रवाह आवरून धरतो. दाब कमी पडून मोटर रेंगाळली, की तो उलटा दाब घटतो आणि प्रवाह भलताच वाढतो. गेल्या उन्हाळ्यात चकलीची भाजणी दळताना आपली घरघंटी घुमू लागली, तेव्हा आपण म्हटले, "होईल, घाला आणखी दाणे." मोटरचे वाइंडिंग जळाले. व्होल्ट कमी असताना घरघंटी, मिक्सर, फ्रिज यांना जबरदस्तीने चालवू नये ते यासाठी.

आता माणसाच्या अंगाविषयी थोडे. आपले शरीरही एक अडथळाच आहे. कोरड्या कातडीचा अडथळा हजारो ओहम असतो. अंग ओले असले की तो हजाराच्या आसपास येऊ शकतो. 230 ला हजाराने भागा : अँपिअरचा पाव भागही येत नाही. सोळा अँपिअरवर पडणाऱ्या एमसीबीला हे जाणवणारसुद्धा नाही, पण माणूस मरायला याचा काही अंशही पुरतो. एमसीबी तारा वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण मिळते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची ते सारखी तुलना करते. अँपिअरच्या हजाराव्या भागांपैकी तीस भागांची तूट पडली, म्हणजे ती वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली असावी, असे समजून ते लगेच वीज तोडते. आम्ही ते आगीनंतर बसवून घेतले. यजमानांनी खर्चाकडे पाहून कुरकुर केली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या पाटल्यांतली एक मोड, पण ते बसव." पाटली मोडावी लागली नाही.

तिसरी जाड पिन असते ती अर्थिंगची. गिझरच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला आपल्या अंगापेक्षा पुष्कळ कमी अडथळ्याची वाट जमिनीकडे मिळावी, म्हणून ती. ती कापून दोन पिनांवर काम भागवणारी घरे मी पाहिली आहेत. आणि रॉड पाण्यात असताना बादलीत बोट घालून "कोमट झाले का" हे बघण्याची आपली सवय तर साऱ्या घरांत आहे! बटण बंद करून, पिन काढून, मगच हात घालावा.

घरातले सैल भोक ओळखावे कसे, हे मला पुष्कळजणींनी विचारले आहे. जड वस्तू दहा मिनिटे चालू द्या. मग बटण बंद करून प्लग काढा आणि बोटाच्या पाठीने पिनेला अलगद स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, पिनेचा रंग काळपट झाला असला, किंवा प्लग घालताना तो लगेच सैल पडत असला, तर ते भोक बदलून घ्या. नुसता स्क्रू आवळून घेऊ नका, भाजलेली पट्टी पुन्हा ताठ होत नाही. भोक बदलण्याचे काम वायरमनचे. आपण बोर्ड उघडू नये.

हे भाषण करण्यापूर्वी मी आज सकाळी लवकर येऊन आपल्या सभागृहातल्या विजेच्या किटलीचा प्लग असाच तपासला. चटका बसला, आणि खालच्या पांढऱ्या प्लास्टिकवर पिवळट डागही दिसला. त्या बोर्डावर मी कागद चिकटवून ठेवला आहे, तो कृपया कोणी काढू नये. माझा मुलगा सोमवारी येऊन भोक बदलून देणार आहे. आजचा चहा त्यामुळे गॅसवर ठेवला आहे. शंभर जणींचा चहा एका पातेल्यात व्हायचा, तेव्हा थोडा उशीर होईल.